दारावरची गर्दी की आतली कोंडी?

३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात चौदा वर्षांची एक शाळकरी मुलगी स्वाइन फ्लूनं दगावली. देशातला या आजाराचा तो पहिला मृत्यू. पुढच्या काही दिवसांत महापालिकेच्या नायडू सांसर्गिक रोग रुग्णालयाबाहेर रांगा लागल्या. तोंडाला रुमाल बांधलेले आईबाप, कडेवर शिंकणारी मुलं, ऑफिसातून थेट आलेले तरुण. सगळ्यांना एकच हवं होतं, घशाचा स्वॅब. शाळा-महाविद्यालयं बंद झाली, चित्रपटगृहांना टाळं लागलं, मास्क मिळेनासे झाले.

त्या रांगांकडे दोन तऱ्हांनी पाहता येतं आणि पावसाळा आला की या दोन तऱ्हा आजही एकमेकींशी वाद घालतात. इथे तो वाद दोघांच्या तोंडून ऐकू. एक आहेत पीएसएमचे, म्हणजे सामाजिक आरोग्याचे, निवृत्त प्राध्यापक. आयुष्यभर साथींचे आलेख काढलेले. दुसऱ्या त्यांच्याच एके काळच्या विद्यार्थिनी, आता एका मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीच्या प्रमुख. त्यांना नावं दिलेली नाहीत. अशी जोडी महाराष्ट्रातल्या कुठल्याही वैद्यकीय महाविद्यालयात सापडेल. लेखापुरते ते ‘सर’ आणि त्या ‘डॉक्टरबाई’.

“मला त्या रांगेत साथीपेक्षा धोरण जास्त दिसतं,” सरांनी सुरुवात केली. “अगं, तपासणी व्हायची ती सरकारनं नेमून दिलेल्या रुग्णालयांतच. फ्लूवरच्या ऑसेल्टामिविरच्या गोळ्याही तिथेच. ताप आला की माणूस एरवी ज्याच्याकडे जातो, त्या गल्लीतल्या फॅमिली डॉक्टरच्या हातात काहीच नव्हतं. हे औषध २०१७ पर्यंत शेड्यूल एक्समध्ये होतं, नेहमीच्या केमिस्टकडे मिळायचंच नाही. एक दार उघडं ठेवून बाकीची बंद केली, तर गर्दी त्या एका दारावर होणारच.”

“मान्य आहे, सर. पण ती रांग स्वॅबची होती,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “स्वतःच्या पायांवर रांगेत उभा राहणारा माणूस मला घाबरवत नाही. स्ट्रेचरवरून येतो आणि वर वॉर्डात खाट नाही म्हणून माझ्याकडेच सकाळपर्यंत पडून राहतो, त्याची मला भीती वाटते.”

सर म्हणतात, कॅज्युअल्टी कोलमडते ती बाहेरून येणाऱ्या लोंढ्यानं; तो लोंढा आधीच अडवा. डॉक्टरबाई म्हणतात, ती कोलमडते आतल्या कोंडीनं. रुग्णालय मोकळं करा.

सरांच्या बाजूनं पहिला मुद्दा येतो तो वेळापत्रकाचा. फ्लू आपल्याकडे अवचित येत नाही. श्रीनगरसारख्या ठिकाणी तो थंडीत वाढतो, तर मुंबई-पुण्यासह देशाच्या मोठ्या भागात त्याचा मुख्य हंगाम पावसाळ्याचा, जून ते सप्टेंबर. जानेवारी ते मार्चमध्येही तो पुन्हा डोकं वर काढतो. २०१५च्या सुरुवातीलाच मोठी लाट आली; त्या वर्षी देशात ४२ हजारांहून अधिक रुग्ण आणि सुमारे ३ हजार मृत्यू नोंदवले गेले.

“मार्च २०२३मध्ये फ्लूचा एच३एन२ प्रकार पसरला, तेव्हाचे आयसीएमआरचे आकडे आठव,” सर म्हणाले. “श्वसनाच्या तीव्र आजारानं दाखल झालेल्या एच३एन२च्या रुग्णांपैकी साधारण १० टक्क्यांना ऑक्सिजन लागला, ७ टक्क्यांना आयसीयू. आणि हे दाखल झालेल्यांचं प्रमाण. घरीच चार दिवस कणकण सोसून बरे झालेले याच्या कितीतरी पट असतात. त्या सगळ्यांनी तुझ्या दारात यायचं कारणच नाही. त्यांना जवळ कोणीतरी हवं, जो सांगेल की घरी थांबा, पाणी प्या, धाप लागली तर मात्र लगेच निघा.”

हे सांगण्याची चौकट २००९ सालीच तयार झाली होती. केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं रुग्णांचे अ, ब, क असे वर्ग केले. साधा ताप, खोकला, घसादुखी असलेले ‘अ’ वर्गातले. त्यांना ना तपासणी, ना ऑसेल्टामिविर, फक्त एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहणं. ताप जास्त असेल, किंवा रुग्ण गरोदर, वृद्ध, मधुमेही वा दमेकरी असेल, तर ‘ब’. घरीच, पण गरजेप्रमाणे औषध सुरू. धाप, छातीत दुखणं, गुंगी, रक्तदाब उतरणं, नखं निळी पडणं, बाळानं दूध सोडणं यांपैकी काही दिसलं की ‘क’, ताबडतोब दाखल. एका पानावर मावणारी ही वर्गवारी नीट पाळली, तर कॅज्युअल्टीच्या दारातला निम्मा गोंधळ मिटावा, असं सरांना वाटतं.

डॉक्टरबाईंचा वर्गवारीला विरोध नाही. लाल, पिवळा, हिरवा अशी विभागणी त्या रोज करतात. त्यांची हरकत पुढच्या गृहीतकावर आहे. “हिरवे रुग्ण बाहेर ठेवले की लाल रुग्णांना वेळ मिळेल, हे ऐकायला पटतं. पण कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात हे मोजून पाहिलंय. शंभराहून अधिक तातडीचे विभाग, चाळीस लाखांहून अधिक भेटी. २००७ साली निष्कर्ष छापून आले. आठ तासांत किरकोळ तक्रारीचे १० रुग्ण जास्त आले, तर गंभीर आणि मध्यम रुग्णांचा विभागातला मुक्काम सरासरी ५ मिनिटांच्या आसपास वाढतो. पाच मिनिटं, सर! सर्दीवाल्याला मी दहा मिनिटांत तपासून, कागद लिहून घरी पाठवते. त्याला ना ट्रॉली लागते, ना ऑक्सिजनचा पॉइंट.”

“मग तुंबतं कशानं?”

“एक हिशोब मांडते. तासाला १० रुग्ण येतात असं धरा. प्रत्येक जण सरासरी ३ तास थांबला, तर कुठल्याही क्षणी माझ्याकडे ३० माणसं असतात. आता वर खाट मिळेना, म्हणून सरासरी मुक्काम ६ तासांवर गेला. येणारे अजूनही तासाला १०च. तरी माझ्याकडे ६० माणसं झाली. जागा तीच, सिस्टर तेवढ्याच, रेसिडेंट तेवढेच. दारातून पाहणाऱ्याला वाटतं, केवढी साथ आली आहे. खरं तर दाखल करायचं ठरलेली माणसं वर जायची वाट बघत पडून आहेत.”

श्वसनाच्या साथीत हा मुक्काम लांबतो, याला ठोस कारणं आहेत. बस उलटली, पूल कोसळला, तर जखमींचा लोंढा काही तासांत येतो आणि ओसरतो. सगळं रुग्णालय एका रात्रीपुरतं धावतं. विषाणूच्या हंगामाचा भर सहा-आठ आठवडे टिकतो. तेवढे दिवस कोणी धावू शकत नाही. शिवाय तोच विषाणू सिस्टरना, मामांना, मावशींना, इंटर्न्सना गाठतो आणि ड्यूटीच्या यादीत रोज नवी खाडाखोड होते.

दुसरं कारण खाटांचं. वॉर्डात चार खाटा रिकाम्या आहेत असं कागदावर दिसतं, पण त्यातल्या दोन स्त्रियांच्या वॉर्डात असतात आणि वाट पाहणारे असतात पुरुष. तिसरी डायलिसिसच्या रुग्णाशेजारी, तिथे खोकणाऱ्याला ठेवता येत नाही. चौथीच्या उशाशी ऑक्सिजनच नाही. एरवी एकमेकींच्या जागी वापरता येणाऱ्या खाटा साथीत तशा राहत नाहीत. ऑक्सिजनचंही तसंच. नाकातल्या साध्या नळीवरच्या रुग्णाला मिनिटाला २ ते ४ लिटर पुरतो. हाय-फ्लोवरच्या एकाच प्रौढ रुग्णाला मिनिटाला ४० ते ६० लिटरचा प्रवाह लागू शकतो.

तिसरं कारण कॅज्युअल्टीच्या नोंदवहीत ‘फ्लू’ म्हणून दिसतच नाही. ऑन्टारिओतच झालेल्या आणि २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, फ्लूचं निदान झाल्यापासून पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचं प्रमाण एरवीच्या सहापट आढळलं. दमा उसळतो, जुना सीओपीडी बिघडतो, मधुमेह हाताबाहेर जातो. पावसाळ्यात महाराष्ट्रात याच्या जोडीला डेंग्यू, मलेरिया, लेप्टो असतातच. तापानं फणफणलेला माणूस समोर आला की पहिल्या तासात तो यांपैकी कशाचा, हे कोणालाच सांगता येत नाही. तोवर त्याला खोकणाऱ्यांत ठेवायचं की इतरांत, हे ठरवावंच लागतं.

“या ताटकळण्याची किंमत आकड्यांत मांडली गेली आहे,” डॉक्टरबाई पुढे म्हणाल्या. इंग्लंडमधल्या ५० लाखांहून अधिक दाखल रुग्णांच्या नोंदींवरचा अभ्यास २०२२मध्ये प्रसिद्ध झाला. तातडीच्या विभागात पोचल्यापासून वॉर्डात जायला ६ ते ८ तास लागलेल्या दर ८२ रुग्णांमागे, महिन्याभरात एक जादा मृत्यू झाल्याचं त्यात दिसलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये फ्लू, आरएसव्ही (तान्ह्या बाळांना गाठणारा श्वसनाचा विषाणू) आणि कोविड एकत्र आले. दाखल करायचं ठरल्यानंतर १२ तासांहून अधिक काळ खाटेची वाट पाहावी लागलेले रुग्ण त्या एका महिन्यात इंग्लंडमध्ये ५४ हजारांवर गेले.

सर हे सगळं शांतपणे ऐकून घेतात आणि मग टोरांटोचं उदाहरण काढतात. मार्च २००३. घरी नुकतीच आई वारलेला एक माणूस ताप आणि खोकला घेऊन तिथल्या एका रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात आला. त्याला सार्स झाला होता, पण त्या नावाचा आजार तोवर जगाला माहीत नव्हता. वर खाट मिळेपर्यंत तो रात्रभर तिथेच राहिला. शेजारच्या खाटेत आणि त्याच्यात फक्त पडदा. शेजारी हृदयाच्या तक्रारीसाठी आलेल्या रुग्णाला लागण झाली, आणि तिथून साथ रुग्णालयभर आणि पुढे शहरात पसरली.

“बघ, कॅज्युअल्टीच साथ वाटणारी जागा झाली,” सर म्हणाले. “म्हणून म्हणतो, खोकणारी माणसं एका छताखाली गोळाच होऊ देऊ नका.”

“आणि मी हेच उदाहरण माझ्या मुलांना शिकवताना उलटं सांगते,” डॉक्टरबाई उत्तरल्या. “तो माणूस खरोखर आजारी होता. त्याला घरी थांबा म्हणणं चूक ठरलं असतं. त्याला दोन तासांत वेगळ्या खोलीत हलवता आलं असतं, तर शेजारचा वाचला असता. तो यायला नको होता असं नाही, सर. त्याला आत न्यायला हवं होतं.”

घटना एकच, धडे दोन, आणि दोन्ही खरे. हा वाद एका बाजूनं मिटत नाही, त्याचं कारण इथे सापडतं. साथीच्या काळात कॅज्युअल्टीत दोन वेगळ्या गोष्टी घडत असतात: फार माणसं एकत्र येतात आणि थोडी माणसं फार वेळ अडकतात. पहिल्यावरचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

मुलांचा विषय निघाला तेव्हा मात्र सरांचं पारडं जड झालं. आरएसव्ही हा विषाणू मोठ्यांना साधी सर्दी देतो, पण काही महिन्यांच्या बाळाच्या बारीक श्वासनलिका सुजवून बंद करतो. बाळाच्या बरगड्या आत ओढल्या जातात, नाकपुड्या फुलतात, दूध ओढताना त्याला धाप लागते. त्यावर प्रतिजैविकं चालत नाहीत. ऑक्सिजन, नाक साफ ठेवणं, नळीनं दूध आणि डोळ्यांत तेल घालून लक्ष, हेच उपचार. २०१९ साली जगात पाच वर्षांखालच्या सुमारे ३६ लाख मुलांना आरएसव्हीमुळे दाखल करावं लागलं आणि सुमारे १ लाख दगावली, असा अंदाज आहे. त्यातले रुग्णालयात झालेले मृत्यू २६ हजारांच्या आसपास.

“म्हणजे चारातली तीन बाळं तुझ्यासारख्या कुणाच्याही दारापर्यंत पोचलीच नाहीत,” सरांचा आवाज इथे थोडा चढला. “मेळघाटात २०१६ ते २०२० या काळात गावागावांत जाऊन आरएसव्हीचा अभ्यास झाला. दवाखान्याच्या रजिस्टरात कधीच न आलेली मुलं त्यात मोजली गेली. धारणी-चिखलदऱ्यातल्या बाळासाठी तुझ्या वॉर्डातल्या खाटेचा काय उपयोग? कॅज्युअल्टीची गर्दी शहराला दिसते, टीव्हीवर येते, म्हणून तिच्यावर पैसा पडतो. पाड्यावरच्या मृत्यूसमोर कॅमेरा नसतो.”

डॉक्टरबाईंनी यावर प्रतिवाद केला नाही. त्यांनी ओटावाचं उदाहरण पुढे ठेवलं. नोव्हेंबर २०२२मध्ये तिथल्या मुलांच्या रुग्णालयाला, सीएचईओला, लहान मुलांसाठी दुसरं आयसीयू उघडावं लागलं. डिसेंबरमध्ये मदतीला रेडक्रॉसची माणसं बोलवावी लागली. टोरांटोच्या सिककिड्सनं ठरलेल्या शस्त्रक्रिया कमी केल्या. “इतकी साधनं असलेला देश, तरी हे झालं. हंगाम जोरात आला की तुमचे बाहेरचे सगळे बांध ओलांडून रुग्ण येतातच.”

“पण पुढच्याच हिवाळ्यात काय झालं तेही सांग,” सर म्हणाले. २०२३-२४च्या हंगामात स्पेनच्या गॅलिसिया प्रांतात सगळ्या तान्ह्या बाळांना निर्सेविमॅब हे आरएसव्हीविरुद्धचं प्रतिपिंडांचं इंजेक्शन देऊ केलं गेलं. दहातल्या नऊहून अधिक बाळांना ते मिळालं, आणि आरएसव्हीमुळे दाखल करावं लागण्याचा धोका सुमारे ८० टक्क्यांनी घटला. एवढी बाळं कॅज्युअल्टीच्या दाराशी आलीच नाहीत, आत खाटा किती याचा प्रश्नच उरला नाही. सरांच्या म्हणण्याला याहून भक्कम पुरावा नाही.

फ्लूच्या लशीबद्दल मात्र दोघंही सावध बोलतात. विषाणूशी नीट जुळलेल्या वर्षीही ती साधारण ४० ते ६० टक्के संरक्षण देते. ती साथ थांबवणार नाही, पण गरोदर बाई आणि मधुमेही आजोबा आयसीयूत जाण्याची शक्यता कमी करते. महाराष्ट्र सरकारनं २०१५मध्येच जोखमीच्या लोकांना, त्यात गरोदर स्त्रिया, मधुमेही आणि उच्च रक्तदाबाचे रुग्ण, ही लस मोफत देण्याचं ठरवलं. पावसाळा हा हंगाम असेल, तर ती टोचायची वेळ एप्रिल-मे. ऑगस्टमध्ये बातम्या आल्यावर घेतलेल्या लशीचा असर दिसायला दोन आठवडे लागतात, तोवर लाट शिखरावर असते.

दोघांचं म्हणणं जिथे खरं जुळतं ती जागा मुंबईत आहे. कोविडच्या पहिल्या लाटेत खाट शोधत रुग्णवाहिका एका रुग्णालयाकडून दुसऱ्याकडे फिरत होत्या. जून २०२०पासून मुंबई महापालिकेनं २४ प्रशासकीय विभागांत वॉर रूम सुरू केल्या. चाचणीचा अहवाल आला की विभागातून फोन जायचा, गरज पाहिली जायची, घरी राहायचं की दाखल व्हायचं आणि कुठल्या खाटेवर, हे तिथूनच ठरायचं.

“हेच तर मी म्हणतो,” सर म्हणाले, “दाराबाहेरची वर्गवारी.”

“आणि मीही हेच म्हणते,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “त्या वॉर रूमला कुठे कुठली खाट रिकामी आहे हे ठाऊक होतं. नुसता फोन उचलायला माणूस असता आणि खाटांची यादी नसती, तर काय सांगणार होते ते लोकांना?”

खाटांच्या माहितीची ही गरज नवी नाही. रेल्वेतून पडलेल्या जखमीला एकापाठोपाठ एक रुग्णालयांनी खाट नाही म्हणून परत पाठवल्याच्या पश्चिम बंगालमधल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं १९९६ सालीच म्हटलं होतं, की राज्य पातळीवर मध्यवर्ती संपर्कव्यवस्था हवी, म्हणजे जिथे खाट आहे तिथेच रुग्णाला थेट नेता येईल. कोविडमध्ये मुंबईनं ते करून दाखवलं. दर पावसाळ्यातल्या तापासाठी तीच यंत्रणा चालवता येऊ नये, असं कुठलंही तांत्रिक कारण नाही. हंगामी फ्लूचे मृत्यू आपण नित्याचे मानून बसलो आहोत, हे मात्र कारण आहे आणि ते स्वीकारण्याजोगं नाही. आपत्कालीन वैद्यक ही स्वतंत्र पदव्युत्तर शाखा म्हणून भारतात मान्य झाली तीच २००९ साली, स्वाइन फ्लूच्या वर्षी. त्यानंतर शिकून बाहेर पडलेल्या डॉक्टरांना पुरेशी जागा आणि खाटांवर अधिकार देणं हे आता रुग्णालयांचं काम आहे.

मग मे महिन्यात नेमकं काय करायचं? सरांची यादी छोटी आहे. जोखमीच्या लोकांचं लसीकरण पावसाआधी पूर्ण करणं. महापालिकेचे दवाखाने संध्याकाळी उघडे ठेवणं, कारण रोजंदारीवरचा माणूस काम सोडून सकाळी येऊ शकत नाही. मुंबईतले ‘आपला दवाखाना’ रात्री १०पर्यंत चालतात, तसं इतर शहरांतही हवं. प्रत्येक फॅमिली डॉक्टरच्या टेबलावर बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आणि अ-ब-क वर्गवारीचा कागद. आशाताईंना बाळाचा श्वास मोजण्याची उजळणी.

डॉक्टरबाईंची यादीही छोटी आहे. रोज सकाळी ११च्या आत डिस्चार्जचा राउंड पूर्ण व्हावा, म्हणजे जनआरोग्य योजनेच्या कागदांसाठी, औषधांसाठी, गावाकडच्या एसटीसाठी थांबलेला बरा रुग्ण संध्याकाळपर्यंत खाट अडवून बसणार नाही. जूनपासून खोकणाऱ्यांसाठी वेगळा, ऑक्सिजनचा वॉर्ड. खाटांचा ताबा एकाच अधिकाऱ्याकडे, रात्रीही. आणि कॅज्युअल्टीत दाखल रुग्णांची संख्या ठरावीक आकड्यापलीकडे गेली, की ठरलेल्या शस्त्रक्रिया आपोआप पुढे जाव्यात, त्यासाठी कुणाच्या सहीची वाट पाहू नये.

शेवटच्या मुद्द्यावर सर अडले. “गुडघ्याच्या, हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी वर्षभर थांबलेला माणूस गरीबच असतो. खासगीत जायची ऐपत असती, तर तो तुझ्या यादीत नसता. दर ऑगस्टला त्यालाच मागे ढकलणार? आकडा ठरवायचाच असेल, तर कॅन्सर आणि तत्सम शस्त्रक्रिया त्यातून वगळ. आणि पुढे ढकललेल्या प्रत्येकाला त्याच दिवशी नवी तारीख दे, सप्टेंबरमधली.”

“तारीख देईन,” डॉक्टरबाई म्हणाल्या, “पण कॅन्सर वगळला, तर उरलेल्या शस्त्रक्रियांतून माझ्याकडे किती खाटा मोकळ्या होतील, हे आधी मोजावं लागेल. गेल्या तीन पावसाळ्यांची रजिस्टरं काढते. तुम्ही पीएसएमचे दोन रेसिडेंट मिळवून द्या, सर. आकडा आपण दोघं मिळून ठरवू.”